बिंगलीचा पाण्याचा जिना: एक बोट खालपासून वरपर्यंत पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनमध्ये सासू-सासरे इंग्लंडमध्ये लीड्सला येणार आहेत. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, सासूबाईंचे गुडघे दुखतात, सोबत आठ वर्षांचा मुलगा असणार. जवळच्या बिंगली गावचे फाइव्ह राइज लॉक्स, म्हणजे कालव्यातल्या बोटी चढवणारे-उतरवणारे पाच सलग हौद, त्यांना दाखवण्यासारखे आहेत का? जाता जाता अर्ध्या तासात उरकता येईल का? आणि तिथे नेमकं बघायचं काय?

अर्ध्या तासात उरकायचं असेल तर जाऊ नका. चढावर बसवलेले काळे लाकडी दरवाजे, दगडी भिंती आणि मधलं संथ पाणी एवढंच दिसेल, चार फोटो निघतील आणि सासरे सौजन्याने "छान आहे" म्हणतील. अडीच तास हाताशी ठेवा आणि एक बोट तळापासून माथ्यापर्यंत चढताना पाहा. सगळी पाहायची, मधून उठायचं नाही. मी पुण्यात स्थापत्य शिकलो, नोकरीची पहिली सात वर्षं कालव्यांच्या कामावर काढली, आणि आता बरीच वर्षं यॉर्कशरमध्ये राहून उन्हाळ्यात लॉकवर स्वयंसेवकाचं काम करतो. भारतातून आलेले कितीतरी पाहुणे या जागी नेले. ज्यांनी पूर्ण बोट पाहिली, त्यांना हा जिना वर्षांनंतरही आठवतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आधी जागेविषयी. लीड्स आणि लिव्हरपूल यांना जोडणारा हा कालवा 127 मैलांचा. 1770 साली कायदा होऊन काम सुरू झालं आणि मुख्य वाट पुरी व्हायला 1816 साल उजाडलं. बिंगलीजवळ जमीन एकाच ठिकाणी भसकन उतरते. तिथे पाच लॉक एकाला एक चिकटवून बांधले आणि 320 फुटांच्या अंतरात बोट 59 फूट 2 इंच चढवली. म्हणजे साधारण पाचास एक असा चढ. ब्रिटनमधला हा सर्वांत तीव्र लॉक-जिना. 21 मार्च 1774 रोजी तो वाहतुकीला खुला झाला, तेव्हा बघायला तीस हजार माणसं लोटली होती, चर्चच्या घंटा वाजल्या, बंदुकांच्या फैरी झडल्या. पहिली बोट 28 मिनिटांत पार झाली. आज तेवढ्याच कामाला तास-सव्वा तास धरतात.

आराखडा हॅलिफॅक्सच्या जॉन लाँगबॉथमचा. कालव्याचा मुख्य अभियंता म्हणून आधी जेम्स ब्रिंडलीला नेमलं होतं, तो त्या काळातला सर्वांत नावाजलेला कालवेवाला, पण तो 1772 मध्ये वारला आणि सगळी जबाबदारी लाँगबॉथमवर आली. दगडकाम केलं ते मात्र गावच्याच गवंड्यांनी. बिंगलीचे बार्नबस मॉर्व्हिल, जोनाथन फॅरर आणि विल्यम वाइल्ड, आणि शेजारच्या विल्सडन गावचा जॉन सग्डेन. ही चार नावं मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या जुन्या धरणांवर साहेबाचं नाव कोरलेलं असतं, पाथरवटाचं नसतं. इथे ती नावं टिकली आणि भिंतीही टिकल्या. अडीचशे वर्षं होऊन गेली, दरवाजे कितीदा तरी बदलले, पण बोटी अजून याच हौदांतून चढतात-उतरतात. सरकारी वारसायादीत याला सर्वांत वरची, म्हणजे ग्रेड वन श्रेणी आहे.

आता सासऱ्यांसाठी. त्यांना एकच वाक्य सांगा: हा बोटीला चढता येणारा फॉल आहे. बाकीचं ते स्वतःच ओळखतील. आपल्या कालव्यांत जमिनीचा उतार कालव्याला चालणाऱ्या उतारापेक्षा जास्त झाला की पाणी धावतं आणि तळ खरवडतं. म्हणून मध्ये फॉल, म्हणजे पायरीसारखा बांधीव धबधबा, घालून जास्तीची उंची एका जागी संपवायची, आणि पुढे कालवा पुन्हा शांतपणे न्यायचा. शेतीच्या कालव्याला एवढं पुरतं, कारण पाण्याला फक्त खाली जायचं असतं. बोटीला परतही यायचं असतं. उत्तरेतल्या गंगा कालव्यावर, जो 1854 मध्ये सुरू झाला, फॉलच्या बाजूने वेगळी वाट काढून तिच्यावर बोटींसाठी लॉक बांधले होते ते याच कारणाने. महाराष्ट्रातले कालवे सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी झाले, त्यामुळे खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसानेही चालू लॉक पाहिलेला नसतो. सासऱ्यांच्या बाबतीतही तसं असेल, तर हा दिवस त्यांच्यासाठीच ठेवा.

एका लॉकची रचना साधी आहे. दगडी हौद, दोन्ही टोकांना दरवाजांची जोडी, आणि दरवाजांत व भिंतींत पाणी सोडायच्या झडपा. दरवाजे बंद झाले की सरळ रेषेत येत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून कोनात मिटतात. वरचं पाणी जितकं जास्त दाबेल तितके ते घट्ट बसतात. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला येईपर्यंत चार माणसांनी जोर लावला तरी दरवाजा हलत नाही, आणि पातळी जुळली की एकटं माणूसही पाठ टेकवून तो रेटू शकतं. इथे पंप नाही, मोटर नाही. झडप उचलायला हाताने फिरवायचं हँडल, दरवाजा ढकलायला लांब लाकडी दांडा, आणि बाकी सगळं काम वरून आलेलं पाणी करतं.

जिना म्हणजे असे पाच हौद सलग. साध्या लॉकमालिकेत दोन लॉकच्या मधे कालव्याचा एखादा पट्टा असतो, तिथे बोट थांबू शकते. इथे तो नाही. खालच्या हौदाचा वरचा दरवाजा हाच वरच्या हौदाचा खालचा दरवाजा. पाच लॉकना दहा जोड्या लागल्या असत्या, इथे सहांत भागलं. जागा वाचली, लाकूड वाचलं, पण पाण्याचा हिशेब अवघड झाला. आणि माझ्या मते पाहायचा आहे तो हा हिशेबच.

बोट वर जाणार असेल तर सुरुवातीला सर्वांत खालचा हौद रिकामा आणि वरचे चारही भरलेले हवेत. बोट पहिल्यात शिरते, मागचा दरवाजा मिटतो. मग दुसऱ्या हौदातलं पाणी पहिल्यात सोडतात. पहिला भरत जातो, दुसरा उतरत जातो, दोघांची पातळी मधे जुळते, दरवाजा उघडतो, बोट दुसऱ्यात. मग तिसऱ्याचं पाणी दुसऱ्यात. असं करत पाचव्यात पोहोचली की तो हौद वरच्या कालव्यातून भरायचा आणि बोट बाहेर. उतरताना उलट: फक्त सर्वांत वरचा भरलेला, खालचे चार रिकामे. बोटीखालचं तेच पाणी हौदामागून हौद तिच्याबरोबर खाली येतं. मला हे दृश्य वारकऱ्याच्या पडशीसारखं वाटतं, बोट आपलं पाणी आपल्याबरोबर घेऊन चालते.

एका पायरीला साधारण 11 फूट 10 इंच. हौद सुमारे 62 फूट लांब आणि 14 फुटांहून थोडा रुंद. गुणाकार सासऱ्यांना करू द्या, उत्तर तीन लाख लिटरच्या आसपास येईल. दहा हजार लिटरचे तीस टँकर. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगितलं की तो क्षणभर गप्प होतो, आणि ते मला समजतं.

यातून लॉककीपरचा, म्हणजे लॉक सांभाळणाऱ्या माणसाचा, सगळ्यांत महत्त्वाचा नियम निघतो. ओळीने चार बोटी वर जाणार असतील तर प्रत्येकीला एक हौदभर पाणी लागतं, कारण एक चढून गेली की पाचही हौद भरलेले राहतात आणि पुढच्या बोटीसाठी फक्त खालचा रिकामा करावा लागतो. पण चढलेल्या बोटीनंतर लगेच उतरणारी घ्यायची म्हटलं, तर भरलेल्या पाचांपैकी चार हौद खाली सोडून द्यावे लागतात. तीसचौक एकशेवीस टँकर, एका बोटीसाठी रांग मोडली म्हणून. सुट्या लॉकवर नियम नेमका याच्या उलट असतो: तिथे एक वर, एक खाली असं आलटून पालटून केलं तर पाणी वाचतं, कारण वर गेलेल्या बोटीने भरलेला हौद उतरणारीला आयता मिळतो. सासऱ्यांना आधी सुट्या लॉकचा नियम सांगा आणि मग विचारा, जिन्यावर काय करावं? जेवणापर्यंत त्यांना हे कोडं पुरेल. जिन्याच्या तोंडाशी बोटी घोळक्याने थांबलेल्या दिसल्या तर व्यवस्था ढिली आहे असं समजू नका. आधी चढणाऱ्या सगळ्या, मग उतरणाऱ्या सगळ्या, असे गट केलेले असतात.

म्हणूनच या जिन्यावर लॉककीपर हजर नसेल तर बोट नेता येत नाही, दरवाजांना कुलूप असतं. हा निर्बंध रास्त आहे, हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कालव्यावर, दोनच पायऱ्यांच्या जिन्यावर, मी भाड्याची बोट घेऊन गेलो होतो. खालचा हौद भरलेला आहे हे न बघता मी वरच्याची झडप उघडली. खालच्या हौदात जागाच नव्हती. पाणी काठावरून वाट काढत पायवाटेवर आलं आणि तिथे डबे उघडून बसलेल्या एका कुटुंबाच्या सतरंजीखालून वाहत गेलं. त्यांनी मला काही म्हटलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून हँडल हातात घेण्याआधी वरपासून खालपर्यंत चालत जाऊन प्रत्येक हौदात डोकावतो. पाच पायऱ्यांवर हीच चूक झाली तर किती पाणी बाहेर पडेल, याचा अंदाज तुम्हाला आता आला असेल.

आता दिवस कसा आखायचा ते. लीड्सहून स्किप्टनकडे जाणारी गाडी बिंगलीला थांबते, प्रवास वीसेक मिनिटांचा. स्टेशनातून बाहेर पडून कालव्याच्या काठाला लागलात की आधी तीन पायऱ्यांचा धाकटा जिना लागतो, थ्री राइज. फाइव्ह राइज त्याच्या पुढे, स्टेशनपासून रमतगमत पंधरा-वीस मिनिटांवर. ज्या वाटेने चालता ती नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली वाट आहे. मुलाला तीन पायऱ्यांजवळच थांबवून तत्त्व समजावा. पाचांपाशी पोहोचल्यावर तो तुम्हाला समजावेल.

सासूबाईंना मात्र खालून चालवत आणू नका. जिन्याच्या कडेची वाट जिन्याइतकीच चढते, त्यात पायाखाली दगड, पाऊस पडला की निसरडे. टॅक्सी करा आणि त्यांना थेट वरच्या अंगाला उतरवा, तिथवर रस्ता येतो. वर कालवा एकदम सपाट, कडेला रंगीत बोटी बांधलेल्या, बसायला जागा आणि कॅफे. तिथून खाली पाचही हौद एका नजरेत येतात, मागे गिरणीची चिमणी आणि एअर नदीचं खोरं. खरं सांगायचं तर चित्र तिथूनच सर्वांत चांगलं दिसतं, त्यामुळे त्यांचं काही हुकलं असं वाटून घेऊ नका. चढत येणारी बोट वरून पाहताना आधी नुसतं छप्पर दिसतं, मग खिडक्या, मग सुकाणूवरचा माणूस, आणि शेवटी ती बोट त्यांच्या पायांच्या पातळीला येऊन उभी राहते.

सकाळी दहाच्या आत पोहोचा. उशिरा दुपारी नव्या बोटी घेणं थांबतं आणि कुलपं लागतात. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना बघून घ्या. शक्यतो शनिवार-रविवार टाळा असं मी एरवी सांगितलं असतं, पण इथे उलट सांगतो: गर्दीच्या दिवशी बोटी जास्त असतात, आणि बोट नसेल तर पाहण्यासारखं अर्धंच उरतं.

पोहोचल्यावर घाईने वर-खाली करू नका. खालून येणारी एक बोट निवडा. तिच्यावरच्या लोकांना हात करा, नाव वाचा, आणि तिच्याबरोबर पायरी पायरी चढा. या हौदांत सात फूट रुंदीच्या दोन अरुंद बोटी शेजारी शेजारी मावतात, त्यामुळे बहुतेक वेळा जोडीच दिसेल. पहिल्या हौदात बोट शिरते तेव्हा ती खोल, अंधाऱ्या, शेवाळलेल्या विहिरीत उभी असल्यासारखी दिसते. झडप उघडली की आधी आवाज येतो, मग पाणी उसळतं, बोट दोरीला हिसके देते. सुकाणूवरच्या माणसाचा चेहरा बघा. नवखा असेल तर दोरी मुठीत आवळलेली असते, तिसऱ्या पायरीपर्यंत हात सैल पडतात. मग उसळी हळूहळू निवते, पाणी आरशासारखं होतं, आणि दरवाजाच्या फटीतून येणारी धार थांबते. ती धार थांबणं हीच पातळी जुळल्याची खूण. मुलाला ती ओळखायला शिकवा. लॉककीपरच्या आधी त्याने "आता!" म्हटलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट सासऱ्यांना दाखवा. हौदाच्या वरच्या टोकाला, दरवाजाखाली, दगडाचा उंबरा पुढे आलेला असतो. आम्ही मराठीत बोलताना उंबराच म्हणतो, दुसरा शब्द सुचतही नाही. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. बोट उतरत असताना तिची मागची बाजू या उंबऱ्यावर अडकली तर पाणी खाली जातं, मागचा भाग वरच राहतो आणि पुढचा बुडू लागतो. कालव्यावर बोट बुडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. म्हणून उंबरा कुठवर आहे ते दाखवणारी खूण काठावर रंगवलेली असते, आणि लॉककीपर उतरणाऱ्या बोटीला सारखं "पुढे राहा, पुढे राहा" ओरडत असतो.

मुलाविषयी मी कडक बोलणार आहे. हौदांच्या काठाला कठडा नाही. रिकाम्या हौदाची खोली दुमजली घराएवढी भरते आणि भिंती ओल्या असतात. पूर्ण वेळ हात धरा. दरवाजाचा दांडा ज्या अर्धगोलात फिरतो, तिथे जमिनीत पायाला रेटा मिळावा म्हणून उंचवटे केलेले दिसतील, त्या अर्धगोलात कुणीही उभं राहायचं नाही, फोटोसाठीही नाही. दरवाजावरच्या फळीवरून पलीकडे जाता येतं, पण सासूबाईंना आणि मुलाला त्या वाटेने नेऊ नका. हे सगळं पाळून, काम निवांत चाललेलं असेल तेव्हा, लॉककीपरला विचारा की मुलाला दांडा ढकलायला मदत करता येईल का. मी स्वतः कितीदा तरी मुलांना उभं केलं आहे. पाठ लावायची, पाय रोवायचे, आणि धक्का न देता नुसता भार टाकत राहायचं. काही क्षण काहीच होत नाही. मग काही टनांचा ओक लाकडाचा दरवाजा पाठीमागे हळूच सरकायला लागतो, आणि मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहायला आजी-आजोबा तिथे असले पाहिजेत.

दरवाजांचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं. हिवाळ्यात हौद कोरडे करून ते बदलतात, 2012 मध्ये इथले बदलले होते. तुम्ही कधी थंडीत लीड्सला असलात आणि असं काम चालू असताना लोकांना आत उतरून बघू देणार असल्याची बातमी दिसली, तर हातातलं टाकून जा. कोरड्या हौदाच्या तळाशी उभं राहून वर पाहिल्याशिवाय त्या चार गवंड्यांचं काम कळत नाही.

सासरे पनामाचा विषय काढतील, काढायलाच हवा. तिथला गाटूनचा तीन पायऱ्यांचा जिना याच तत्त्वाचा, पण 1914 चा, बिंगलीनंतर 140 वर्षांनी. तिथे दोन समांतर रांगा ठेवल्या, त्यामुळे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना एकमेकांसाठी ताटकळावं लागत नाही. बिंगलीच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी दक्षिण फ्रान्समध्ये बेझिएजवळ फोंसेरानचा जिना झाला, आठ हौदांचा, आणि तिथले हौद लांबट अंडाकृती आहेत, कारण वक्र भिंत मागच्या मातीचा दाब कमानीसारखा पेलते. इंग्लंडमध्येच अजून एक पाहायचा तर लेस्टरशरमधला फॉक्स्टन, पाच-पाचच्या दोन जिन्यांचा, 75 फुटांचा. तो फार देखणा आहे. डेव्हायझेसच्या केन हिलची छायाचित्रं मात्र लोक जिना म्हणून फिरवतात, तो जिना नाही. तिथे 29 सुटे लॉक आहेत, प्रत्येक दोहोंच्या मधे पाणी आहे. सासऱ्यांना हा फरक आता सांगावा लागणार नाही.

अंगात बळ उरलं तर परतीला बिंगलीहून गाडी न धरता सासरे आणि मुलगा यांना घेऊन काठाकाठाने साल्टेअरपर्यंत चाला, तीन मैल, सगळं सपाट किंवा उताराचं. वाटेत डाउली गॅपला दोन पायऱ्यांचा जिना आहे आणि त्याच्यापुढे सात कमानींचा जलसेतू, जिथे कालवा एअर नदीच्या डोक्यावरून जातो. जलसेतूवर सासरे थांबतील. त्यांना थांबू द्या, खाली उतरून कमानी बघायच्या म्हणतील तर जाऊ द्या. शेवटी टायटस सॉल्ट या गिरणीमालकाची 1853 ची गिरणी आणि कामगारांसाठी वसवलेलं गाव, जे आता जागतिक वारसा आहे. तिथेही स्टेशन आहे. सासूबाईंना टॅक्सीने गिरणीत आणून ठेवा, आत चित्रं, पुस्तकं आणि चहा आहे.

जूनमध्येही छत्री आणि एक गरम कपडा प्रत्येकाकडे हवा. पाऊस आला तरी काम थांबत नाही. थांबतं ते पाऊस न आल्यावर: कोरड्या उन्हाळ्यात तलाव खालावले की या कालव्याचे लांबच लांब पट्टे बोटींसाठी बंद करावे लागतात, 2010 मध्ये तसं झालं होतं. आदल्या दिवशी सूचना बघा म्हटलं ते यासाठीही. बंद असेल तर दौरा पुढे ढकला, आणि ढकलायला वाव नसेल तर त्या दिवशी साल्टेअरहून उलटं चालत जलसेतूपर्यंतच या.